तिच्या हातच्या गोवऱ्या

माझी बायको गेली, तेव्हा तेराव्याला एक शिकलेले गृहस्थ आले होते. लोककलेवर काहीबाही लिहितात म्हणे. हात जोडून म्हणाले, "ताई लोककलेच्या आश्रयदात्या होत्या." मी म्हटलं, हव जी. ते गेल्यावर सुनेला विचारलं, आश्रयदाती म्हणजे काय गं बाई? ती म्हणाली, "मामाजी, जी आसरा देते ती."

मला आधी हसू आलं. त्या काळी आमचंच घर टिनाचं. पाऊस आला की आम्हीच आसरा शोधत फिरायचो. बायको असती तर म्हणाली असती, "मी रोडगे खाऊ घातले बाप्पा, आसरा कधी देल्ला?" अन् हे मनात आल्यावर मला हसता आलं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. पाठीवर पोती वाहून जन्म गेला. पण रोडग्यांचं काय ते मला सांगितलं पाहिजे, कारण आता सांगणारा मीच उरलो.

आमचं गाव पारशिवनीच्या पलीकडचं. लग्न झाल्यावर शहराला लागून असलेल्या वाडीला आलो, अमरावती रोडच्या गोदामांत हमालीला. आमच्याकडची पुष्कळ माणसं तिथं भाड्याच्या खोल्यांत राहत. गावाकडे दिवाळी झाली की मंडई भरते. दिवसाउजेडी दुकानं लागतात, लेकीबाळी माहेरी येतात, अन् मधल्या मोकळ्या जागेत खडी गंमत होते, आमच्याकडचा तमाशाच. खडी म्हणजे उभ्यानं. शाहीर उभा, ढोलकीवाला उभा, मागं त्याचे शब्द उचलून झील ओढणारे उभे, अन् भोवती लोकांचा गोल. स्टेज नाही, पडदा नाही. वाडीत यातलं काहीच नव्हतं. दिवाळीला लोक खोलीत बसून आपापला चिवडा खात. पहिल्याच दिवाळीला बायको म्हणाली, "मंडई नाही तं दिवाळी कायची? शाहिराले नारळ देऊन या."

नारळ देणे म्हणजे बोलावणं. दसऱ्यानंतर शाहिराच्या घरी जायचं अन् त्याच्या हातात नारळ ठेवायचा. ज्या घरचा नारळ, त्या घरचा मान. पैसे काय, सारे मिळून जमेल ते देत. नारळ मात्र आमच्या घरचा, अन् जेवणही आमच्या घरचं. शाहीर पहिल्यांदा आला तो संत्र्याच्या ट्रकमध्ये मागं बसून. गोदामांच्या मागच्या पडीक जागेत गंमत झाली. ड्रायव्हर लोक ट्रकच्या टपावर चढून पाहत होते. तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही.

रोडगे कसे करतात ते माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, त्या निखाऱ्याला आम्ही जगरा म्हणतो. आमच्या मागच्या अंगणात बायको जगरा पेटवायची. रोडगे निघाले, वांग्याची भाजी झाली, माणसं जेवली, की त्याच उरलेल्या विस्तवावर शाहीर डफ शेकायचा. दिवाळीनंतर हवेत ओल असते. डफाचं कातडं ढिलं पडतं. शेकल्याशिवाय तो बोलत नाही. रोडग्यांचा विस्तव त्याला बरोबर लागतो. ना ज्वाळा, ना धूर, नुसती सावकाश धग. म्हणून रीत अशी की ज्या घरी खाल्लं त्या घरी डफ शेकला, अन् गंमत सुरू करताना गणात त्या घरच्या बाईचं नाव घेतलं. नाव ऐकलं की बायको पदरात तोंड लपवायची. बाकीच्या बाया तिला कोपरानं ढोसायच्या, "आता कायले लाजतं वं? अख्ख्या वाडीले मालूम झालं तुहं नाव!"

शेवटी तो नारळ फोडत. एक वाटी नारळवाल्या घरची, दुसरी वाटी विस्तववाल्या घरची. आमच्याकडे दोन्ही वाट्या यायच्या, म्हणून त्या दोन वेगळ्या आहेत याचा कधी विचारच केला नाही.

ती उन्हाळ्यात गेली. दसरा आला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. दुखवट्याच्या घरात वर्षभर सण नसतो, हे मला काय माहीत नाही? पण मनात म्हटलं, शाहीर घरचा माणूस आहे, तो ऐकेल. मुलाला सांगितलं नाही. पिशवीत नारळ घातला अन् पारशिवनीची बस धरली. दर वर्षी खिडकीची जागा तिची असायची. यंदा खिडकी रिकामी मिळाली तरी मी बसलो नाही.

शाहीर ओसरीवर बसला होता. तोही म्हातारा झालाय. डफ मागं खुंटीला. पाणी झालं, चहा झाला. मी पिशवीत हात घातला तसा तो म्हणाला, "काढू नको गा."

"काहून?"

"तुह्या घरी वरीस सरलं नाही. दुखवट्याच्या घरचा नारळ घेता येते का? तुले मालूम नाही?"

"मालूम आहे. पण सुरू कोणं केलं? तिनंच ना?"

"म्हणूनच तं नाही म्हणून राहिलो. तिच्या दुखवट्यात तिच्याच दारी नाचू का मी?" मग तो खाली पाहून म्हणाला, "अन् तो ट्रान्सपोर्टवाला शेठ आलता. गाडी घेऊन. त्याचा नारळ घेतला मी."

मला एकदम राग आला. "मंग असं सांग ना लेका. दुखवटा कायले पुढं करतो?"

"दोन्ही आहे. तुह्यापाशी खोटं कायले बोलू? ढोलकीवाला बाजारात भाजी विकते. झील ओढणारा बुटीबोरीले कंपनीत गेला, सुट्टी टाकून येते, त्याची रोजी बुडते. वयनीच्या रोडग्यानं पोट भरे गा, घर नाही चालत त्याहिचं. शेठ साऱ्यांले कपडे देते, बिदागी देते, जाण्यायेण्याची गाडी देते. नाही कसं म्हणू?"

पिशवीची गाठ मी पुन्हा मारली.  मी इतकंच विचारलं, "एकदा मान दुसऱ्या घरी गेला, तं वापस येते का?"

"ते मले नाही सांगता येत," तो म्हणाला.

नारळ घेऊन परत आलो. पूर्ण रस्ता पिशवी मांडीवर. आतलं पाणी हलताना हाताला कळत होतं. घरी आल्यावर देवाजवळ ठेवला अन् त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

मग चौकात बॅनर लागला. शेठचा फोटो हात जोडलेला, गोदामाच्या शटरएवढा. त्याच्या वडिलांचा फोटो ढगात. शाहिराचा फोटो खाली कोपऱ्यात, पासपोर्टएवढा. लोक म्हणाले, यंदा काम मोठं आहे. शेठ वाईट माणूस नाही, हेही सांगतो. त्याच्याच वडिलांच्या गोदामात मी पोती वाहिली. तो घरी आला, बाहेर चपला काढल्या, बायकोच्या फोटोला नमस्कार केला.

"काका, तुम्ही समोर खुर्चीवर बसायचं. पहिल्या रांगेत."

"शेठ, दुखवटा आहे. आमी येत नाही."

"अरे हां, सॉरी काका." मग म्हणाला, "ये गम्मत कितना टाइम चलती है? पाहुणे बोलावलेत, भाषणं आहेत. अर्ध्या घंट्यात बसवता येईल का?"

मी म्हटलं, "शेठ, अर्धा घंटा तं डफ शेकाले लागते." तो हसला. त्याला ती गंमत वाटली.

घरात वेगळाच घोर. मुलाला मागच्या अंगणात फरशी टाकायची होती. दिवाळीत कंपनीला सुट्टी, मिस्त्री सांगून ठेवलेला. त्याचंही खोटं नाही. पावसाळ्यात तिथं चिखल होतो, दोन गाड्या ठेवायला जागा नाही. पण फरशी झाली की जगरा कुठं पेटवायचा? अन् तिथंच कोपऱ्यात टिनाखाली तिच्या गोवऱ्या रचून ठेवलेल्या.

या गोवऱ्यांवरून तिनं पुष्कळ भांडणं केली. गवळ्याच्या गोठ्यातून शेण आणायची अन् गोदामाच्या मागच्या भिंतीवर थापायची. चौकीदार काठी आपटत यायचा, "ए बाई, दीवार खराब हो रही है!" ती म्हणायची, "तुह्या बापाची हाय का? दिवाळीले रोडगे खाशील तवा नाही म्हणजो!" मग तो रोडगे खायला सगळ्यांत आधी हजर. मागच्या मंडईनंतर थंडीत तिनं पुढच्या वर्षीच्या थापून ठेवल्या. तेव्हा खोकत होती. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, "आयत्या वेळी कोठून आणाल?"

प्रत्येक गोवरीवर तिची पाच बोटं उमटलेली. करंगळी लहानपणी विळ्यानं कापली होती, ती वाकडी पडायची, तिचा खळगा उथळ. घरात तिचा फोटो आहे तो आधार कार्डावरून मोठा केलेला. त्यात ती कोणा दुसऱ्याच बाईसारखी दिसते. गोवरीवर मात्र तीच. संध्याकाळी मी टिनाखाली जाऊन बसायचो. एखाद्या गोवरीवर बोटं ठेवून पाहायचो. माझी बोटं जाड, त्या खळग्यात बसत नाहीत.

मुलगा म्हणाला, "बाबा, ह्या गोवऱ्या गवळ्याले देऊन टाकू. आता कोण जगरा पेटवून राहिलं?"

मी म्हटलं, "हात लावून पाह्य."

तो गाडी पुसायला निघून गेला.  पण मिस्त्रीला फोन झाला होता हे मला कळलं. मंडई झाली की दुसऱ्या दिवशी काम. मला झोप येईना. फरशी झाली की पुढच्या वर्षी वरीस सरलेलं असेल, नारळ देता येईल, पण डफ कुठं शेकणार? अन् डफ शेकायला जागाच नसली तर शाहीर माझा नारळ घेईलच काहून? एकाला एक जोडून मी आढ्याकडे पाहत पडायचो.

मंडईचा दिवस उजाडला. मुलगा शेठच्या पोरांबरोबर खुर्च्या लावायला गेला. मी घरातच. लाउडस्पीकर सुरू झाला, हॅलो हॅलो चेक. पुलावाचा वास आमच्या दारापर्यंत आला. शेठनं केटरिंगवाला लावला होता, गॅसच्या शेगड्या, टोप्या घातलेली माणसं. लोक पंगतीला गेले. मग स्पीकरवरून डफ ऐकू आला.

थप. थप.

ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. ढोलकी वाजत होती, पण डफ मेलेला. पुन्हा थप. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. सून भांडी घासत होती, तिनंही हात थांबवला. "मामाजी, डफ असा काहून वाजून राहिला?"

"शेकला नाही," मी म्हटलं.

मनातून मला बरं वाटलं, हेही लिहितो. म्हटलं, घ्या आता, वाजवा पुलावावर. अन् त्याच वेळी वाईटही वाटत होतं. शाहीर लोकांत उभा आहे, त्याचा डफ बोलत नाही, अन् हजार माणसं पाहत आहेत. दोन्ही एकदम वाटत होतं.

तेवढ्यात मागच्या दारानं शाहीर आला. नवा फेटा, नवा कोट, शेठनं दिलेला. काखेत डफ. घामानं डबडबलेला.

"गॅसवर धरला गा मी," तो म्हणाला. "एका बाजूनं करपायले लागला. काढून घेतला. फाटता फाटता राहिला. तुह्या घरी विस्तव आहे का?"

"दुखवट्याच्या घरचा विस्तव चालते का तुले?" मी टोमणा मारला. मला राहवलं नाही.

"नारळाले दुखवटा असते. विस्तवाले नसते." तो अंगणातच बसला. "पेटवतो की जाऊ? पाहुणे यायचे आहेत अजून, भाषणं आहेत. तेवढाच टाइम आहे."

मी टिनाखाली गेलो.  शेठच्या स्टेजसाठी तिच्या हातच्या गोवऱ्या जाळायच्या? ज्याच्या बॅनरवर तिचं नाव नाही, त्याच्यासाठी? मी आधी तुटक्या फुटक्या काढल्या. शाहीर म्हणाला, "इतक्याशानं चहा होते, डफ नाही शेकत." मग चांगल्या काढायला लागलो. सून पदर खोचून आली, ती पाटी भरभरून न्यायला लागली. मी एक गोवरी बाजूला ठेवली, पुसून, विटेवर. सगळ्यांत चांगली उमटलेली.

जगरा पेटला. सुनेनं रॉकेल मागितलं नाही, काही नाही, खाली काड्या लावून असा पेटवला की मी पाहतच राहिलो. ज्वाळा बसल्या, लाल झालं, राखेचा थर आला. शाहिरानं डफ धरला. फिरवत, लांब नेत, जवळ आणत. मधूनच बोटानं टिचकी मारायचा अन् कान लावायचा. कातडं आवळत चाललं होतं. मी विटेकडे पाहिलं.

वीट रिकामी.

"इथली गोवरी कोठं गेली?"

"टाकली ना मामाजी," सून म्हणाली. "वर एकच राहिली होती म्हणून."

तिला काय माहीत? मी वाकून निखाऱ्यात पाहिलं, पण सगळ्या गोवऱ्या एकसारख्या लाल.

शाहिरानं एक थाप दिली. आवाज भिंतीला लागून परत आला. तो उठला, जगऱ्याला हात जोडले अन् तसाच धावत गेला.

मी घरात येऊन खिडकीशी कान लावला. भाषणं झाली. मग डफ. तो आता बोलत होता. गण सुरू झाला. शेठचं नाव आलं, शेठच्या ट्रान्सपोर्टचं आलं, पाहुण्यांचं आलं. चालीत चांगलं बसवलं होतं, शाहीर कसलेला आहे. मी श्वास धरून होतो. आता येईल, या कडव्याला येईल. गण संपला. तिचं नाव आलं नाही.

मी खिडकी लावून घेतली. दिवस बुडायला आला तरी लावलेलीच होती.

गंमत संपल्यावर शाहीर पुन्हा आला, या वेळी पुढच्या दारानं. हातात फोडलेल्या नारळाची एक वाटी. "शेठले एक देल्ली. ही विस्तवाची."

मी घेतली नाही. "नाव काहून नाही घेतलं?"

"कोणाचं?"

"कोणाचं म्हणून विचारतो!"

त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला. "जित्या बाईचं नाव घेतात गा गणात. मेलेल्याचं नाही घेत. तिचं घेतलं असतं तं लोक रडले असते, अन् गंमत तिथंच बसली असती. तिले आवडलं असतं का?" मग त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. तिथं सून उभी होती. "पुढच्या साली नारळ आणशील तं कोणाचं नाव घेऊ, ते सांग. बाईच्या नावाबिगर गण पुरा होत नाही. शेठच्या घरी बी बाईचं नाव मांगलं मी, पण त्याची बायको बाहेरच आली नाही, म्हणून आजचा गण अर्धाच झाला."

 सून दाराची कडी हलवत होती. शेवटी म्हणाली, "मले रोडगे नाही येत."

"वयनीले बी नव्हते येत," शाहीर म्हणाला. "पहिल्या साली आतून कच्चे होते. आमी खाल्ले. पोट दुखलं साऱ्यांचं." अन् तो हसत निघाला. फाटकापाशी थांबून म्हणाला, "माह्या पोरानं फायबरचा डफ घेतला गा. त्याले शेकाचं काम नाही. मी आहो तोवर हा आहे." एवढं सांगून गेला. सांगायला नको होतं.

नारळाच्या त्या वाटीची सुनेनं दुसऱ्या दिवशी चटणी वाटली. मला आधी वाईट वाटलं, मग भाकरीसोबत खाल्ली. चांगली झाली होती.

मुलानं मिस्त्रीला थांबवलं नाही, पण अर्ध्याच अंगणात फरशी टाक म्हणाला. अर्धं राहू दे. कायमचं की यंदापुरतं, ते मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटते.

मग मी गवळ्याकडे गेलो. बादलीभर शेण आणलं अन् गोदामाच्या मागच्या भिंतीवर थापायला लागलो. या वयात, हमालाच्या हातांनी. गोवरी नीट बसेना, खाली घसरायची. चौकीदार नवा आहे, तो ओरडत आला. मला तिच्यासारखं भांडता येत नाही. मी म्हटलं, "दिवाळीले रोडगे खाशील." तो म्हणाला, "कौन बनाएगा, तुम?"

 तेवढ्यात मागून आवाज आला. सून होती, डोक्यावर पदर, हातात कुटाराची, म्हणजे भुशाची, टोपली.

"मामाजी, कुटार नाही टाकलं तं वाळल्यावर तडकतात त्या," ती म्हणाली अन् टोपली खाली ठेवली. मग चौकीदाराकडे वळून त्याला काहीतरी बोलली. ते मी लिहीत नाही. तो गेला.

गणात माझं नाव घ्या असं तिनं म्हटलं नाही, अन् मीही विचारलं नाही. वरीस सरायला वेळ आहे. शेठ पुन्हा गाडी घेऊन पारशिवनीला जाईल का, शाहीर तोवर राहील का, पोरगा फायबरचा डफ घेऊन उभा राहील का, मला माहीत नाही. तिनं शेणात कुटार मळलं अन् मी थापत गेलो. भिंतीवर आता दोन जणांचे हात आहेत, अन् माझ्या गोवऱ्या अजूनही घसरतात.